चष्म्याच्या दुकानातले रोमन राजे

चष्म्याच्या प्रत्येक दुकानात एक ड्रॉवर असा असतो, की ज्यात तयार झालेले पण कुणी न्यायला न आलेले चष्मे पडून असतात. माणूस "उद्या येतो" म्हणून जातो आणि येतच नाही. ते चष्मे टाकवतही नाहीत आणि दुसऱ्याला चालतही नाहीत. आमच्या नाणेवाल्या मंडळाचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. आज ड्रॉवर उघडतोय, ज्याला जो लागेल तो त्याने डोळ्यांना लावून बघावा!

तर जळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे. महिन्यातले दोन रविवार शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं तिथे बसतो. आबा आमचे म्होरके. चोपड्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, रिटायर होऊन जळगावात आले. प्रमोद त्यांचा जुना विद्यार्थी, चोपड्याकडचा केळीवाला. सलीमभाई सराफ बाजारातले चांदीचे कारागीर. चौथा मी, विजू चष्मेवाला. बाकी लोक शिवराई जमवतात, मोगली रुपये जमवतात. आम्हाला खूळ रोमच्या चांदीच्या नाण्यांचं. जुन्या चवन्नीएवढं नाणं, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं. हेच खूळ का, तर आबांना आहे म्हणून!

*

आबा पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मी सवयीने विचारलं, "लांबचा की जवळचा?"

"लांबचा," आबा म्हणाले. "रोमचा."

आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून एक काळपट चकती काउंटरवर ठेवली. त्यांना चष्मा नको होता, भिंग हवं होतं. माझ्याकडचं सगळ्यात जाड भिंग काढून दिलं. माणूस तास-दीड तास काउंटरवर वाकून उभा! मधे तीन गिऱ्हाईकं येऊन गेली. शेवटी मी वैतागून म्हणालो, "मास्तर, कोण आहे हा?"

"अजून ओळख झाली नाही," आबा म्हणाले. "नाकापर्यंत आलोय."

त्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली, ती आजतागायत.

*

नाण्याच्या दोन्ही बाजू कशा वाचायच्या, ते आबांनी आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं. पुढच्या बाजूला राजाचं तोंड आणि मागच्या बाजूला एखादी उभी बाई. तिच्या हातात कणसं असली तर ती सुबत्ता, फांदी असली तर शांतता, तराजू असला तर न्याय. त्या काळी पेपर नव्हते, टीव्ही नव्हता. राजाला जे सांगायचं असेल, ते नाण्याच्या मागे ठोकून गावोगाव पाठवायचा.

प्रमोदची ट्यूब पेटली. "म्हणजे चौकातलं बॅनरच की आबा! पुढे भाऊंचा फोटो आणि खाली विकासपर्व!"

"तेच," आबा म्हणाले. "फरक एवढाच, की ते नाणं बाजारात चालायचं."

पण आबांनी एक गोष्ट जोडली, ती मला फार आवडते. म्हणाले, शांततेची बाई नाण्यावर दिसली की समजायचं, तेव्हा कुठेतरी लढाई जुंपलेली आहे. आणि कणसंवाली दिसली की समजायचं, धान्याची जहाजं लोकांनी डोळ्यांत प्राण आणून वाट बघावी अशी उशिरा येतायत. घरात ज्याची वाण असते त्याचंच चित्र माणूस भिंतीवर लावतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो.

*

मी माझं पहिलं नाणं घेतलं तेव्हाची गोष्ट. घरी आणलं आणि सुरक्षित जागा म्हणून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. दिवाळीच्या आधी सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चांदीची निरांजनं घासायला काढली. त्यांच्यासोबत राजेही गेले! चिंच, रांगोळी आणि वर दंतमंजन. संध्याकाळी बघतो तर नाणं आरशासारखं लखलखतंय आणि राजाच्या डोळ्यांत चमक आलेली!

जुन्या चांदीवर जो काळा थर चढतो, त्याला नाणेवाले जिवापाड जपतात. मला रडूच यायचं बाकी होतं. आबांना दाखवलं. आबांनी नाणं हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी उलटवून बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, दोन हजार वर्षांचं काळेपण होतं हो."

सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे दोन हजार वर्षांत एकाही बाईने घासलं नाही?"

आबा एवढे हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. आता मंडळात कुणी नवं नाणं आणलं, की पहिला प्रश्न असतो, "वहिनींपासून लांब ठेवलंय ना?"

*

प्रमोदचं सगळं काम ऑनलाइन. केळीचा घड कापता कापता मोबाइलवर नाणं बुक करणारा माणूस! एकदा त्याला लांडगी दिसली. रोमचं जुनं चित्र आहे ते, लांडगी उभी आहे आणि तिच्या पोटाखाली दोन लेकरं दूध पितायत. त्याच लेकरांनी पुढे रोम वसवलं म्हणतात. प्रमोदला एवढं आवडलं, की त्याने तीन मागवली, आम्हा तिघांना भेट द्यायला.

आणण्याआधी घरी वडिलांना दाखवलं. त्यांनी नाणं डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "ही कुत्री कोनाची?"

प्रमोदने सगळी कथा सांगितली. वडील म्हणाले, "आन पोरेस्नी माय कोठे गयथी?"

प्रमोदने तो प्रश्न तसाच मंडळात आणला. आबासुद्धा त्या दिवशी घरी जाऊन पुस्तकं काढून बसले.

पण खरी मजा पुढे. तिन्ही नाणी काउंटरवर ओळीने मांडली. सलीमभाईंनी भिंग लावलं. पहिल्या नाण्यावर राजाच्या गालावर ओरखडा. दुसऱ्यावर त्याच जागी तोच ओरखडा. तिसऱ्यावरही तोच! एकाच साच्यातून ओतलेली तिन्ही, ताजी आणि नकली. प्रमोदचा चेहरा पडला. बिचाऱ्याने केवढ्या प्रेमाने आणली होती.

सलीमभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बुरा मत मान प्रमोद. लेकिन तीनों की दाढी एक ही नाई ने बनाई, और तीनों बार उसका हाथ हिला?"

त्या तिन्ही लांडग्या आजही आमच्या तिघांच्या घरी आहेत. नकली असतील, पण भेट खरी होती.

*

सलीमभाई एरवी कमी बोलतात. एका रविवारी चहा पिता पिता स्वतःहून म्हणाले, "आबा, एक बात कहनी है. बरसों से मन में है."

त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. ते वडिलांच्या भट्टीवर बसायचे. खेड्यातून मोडीत आलेली चांदी वितळवायची, हे काम. वाळे, कडी, तोडे, फुटक्या वाट्या, जे येईल ते मुशीत. एकदा सोनगीरकडून आलेल्या एका पुडीत जुनी नाणी होती. त्यांनी बघितलंही नाही, ओतली. मुशीत ती लाल व्हायला लागली तेव्हा एका नाण्यावर हत्ती दिसला.

"हाथी था आबा. खड़ा था. पहले पैर गए, फिर पेट गया. आखिर में सूंड गई." सलीमभाई कपाकडे बघत होते. "तब मालूम नहीं था क्या चीज है. यहाँ आने के बाद मालूम हुआ."

मला वाटलं, आता आबा उठून जातील. रोमच्या त्या हत्तीवाल्या नाण्याचं चित्र आबांनी पुस्तकातून इतक्या वेळा काढून दाखवलं होतं! आबांनी कप खाली ठेवला. सलीमभाईंचा हात हातात घेतला. आणि विचारलं, "सलीम, सोंड वर होती की खाली?"

सलीमभाईंनी डोळे मिटले. "ऊपर."

"नक्की?"

"आबा, वही तो आखिर में गई."

आबांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग दोघंही बराच वेळ रुमाल शोधत बसले होते.

*

धुळ्याला एकदा नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि आबांना स्टेजवर बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे कुणी मोठे गृहस्थ होते. त्यांनी कोटाच्या खिशातून मखमली डबी काढली. आत रोमन नाणं! सगळ्यांदेखत माइकवर म्हणाले, "आबासाहेब, आपण जाणकार. सांगा लोकांना, कसं काय आहे?"

आबांनी नाणं उलटसुलट केलं. माइकवर म्हणाले, "चांदी खरी आहे."

टाळ्या. पाहुणे खूश. "आणि नाणं?"

"चांदी खरी आहे," आबा म्हणाले.

पाहुण्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. आबांनी तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. आयोजक घामाघूम! खाली उतरल्यावर मी म्हणालो, "आबा, एक दिवस खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" आबा म्हणाले, "माणसाशी बोलीन रे. नाण्याबाबत नाही जमत."

पुढच्या वर्षी आम्हाला स्टेजच्या जवळपासही बोलावलं नाही.

*

आता जरा वेगळा किस्सा. हा सांगताना मला अजून त्रास होतो.

आबा वर्षातून एकदा माझ्याकडे नंबर तपासून घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी असेच बसले. तक्त्यावरची सगळी अक्षरं धडाधड वाचली, अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा! मी खूश. पण उठताना त्यांचा हात दाराच्या मुठीच्या शेजारी पडला, मुठीवर नाही. मला शंका आली. मी म्हणालो, "आबा, जरा बसा." आणि तक्ता बदलला.

आबांनी मान तिरकी करून तक्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "विजू, हा कुठून आणलास? मी तो जुना पाठ केला होता."

डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसेल, समोरचं मधोमध आहे ते जाणार, आणि गेलेलं परत येणार नाही. बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. आबांनी खिशातलं नाणं काढून समोर धरलं. म्हणाले, "गंमत बघ. कडेकडेने जी अक्षरं आहेत ना, ती दिसतात. मधला राजा दिसत नाही."

मी आयुष्यभर लोकांना चष्मे दिले. या माणसाला देण्यासारखी काच माझ्या दुकानात नव्हती. मी तिथे बाकावर बसून रडलो आणि आबाच माझी समजूत घालत होते.

*

पण हार मानतील ते आबा कसले! त्यांनी अंगठ्याने नाणी वाचायला सुरुवात केली. नखाने कड चाचपायची, मग अंगठ्याचं पोट चेहऱ्यावरून हळूहळू फिरवायचं. केस, कपाळ, नाक, हनुवटी. आम्ही परीक्षा घ्यायचो. दहातली नऊ बरोबर! एकदा प्रमोदने मधेच आपला साधा रुपया सरकवला. आबांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा राजा नाही, हा प्रमोदचा चावटपणा आहे."

यंदा आषाढात धुळ्याच्या प्रदर्शनात आम्ही एक छोटा स्टॉल लावला होता. बाहेरगावचा एक व्यापारी आला, त्याने एक नाणं आबांच्या हातात दिलं. आबांनी अंगठा फिरवला, म्हणाले, "राणी आहे."

व्यापारी मोठ्याने हसला. "आजोबा, हा बाप्या आहे! कोवळा राजा, मिसरूड नाही फुटलेलं!"

आजूबाजूचे लोकही हसले. मी भिंग लावून बघितलं, व्यापारी बरोबर होता. आबांनी दोन्ही हात जोडून त्याची माफी मागितली. येताना गाडीत म्हणाले, "डोळे गेले ते गेले. आता अंगठा फसवायला लागला. अजून एकदा बाईचा बाप्या आणि बाप्याची बाई झाली, की माझी सगळी नाणी तुम्हा तिघांची. मी रविवारी येणार नाही."

आम्हाला वाटलं, रागात बोलतायत. पण त्यानंतरच्या दोन रविवारी आबांनी एकाही नाण्याला हात लावला नाही. कोपऱ्यात बसायचे, चहा प्यायचे, "तुम्हीच सांगा" म्हणायचे. त्यांच्याशिवाय आमचं मंडळ म्हणजे नुसता चहा होता.

*

आणि मग सोनगीरच्या अलीकडच्या एका खेड्यातून रमेशभाऊंचा फोन आला.

या रमेशभाऊंनी आमचा धुळ्याचा स्टॉल बघितला होता. फ्रेममधलं रोमन नाणं बघून ते चमकले, कारण अगदी तसंच त्यांच्या घरी देव्हाऱ्यात होतं. आपल्याकडे देव्हाऱ्यात चांदीचे टाक असतात ना, देवाचा मुखवटा ठोकलेले? त्यांच्या घरी कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचा, म्हणून जो टाक होता, तो टाक नव्हताच. ते नाणं होतं! आजीकडून आईकडे आलेलं, आणि आईने लग्न झाल्यापासून रोज हळदकुंकू लावून पुजलेलं. रमेशभाऊंनी उत्साहात घरी जाऊन सांगितलं, "माय, तुनी कानबाई त रोमना राजा शे!"

तेव्हापासून म्हातारी देव्हाऱ्यासमोर बसलीच नव्हती. दिवा सून लावायची. जेवणही निम्म्यावर आलं होतं. श्रावण लागला होता, कानबाईच्या सणाचा रविवार आठ दिवसांवर. "मी बोलून चुकलो," रमेशभाऊ फोनवर म्हणाले, "कुणी जाणतं माणूस येऊन सांगेल का, काय आहे ते?"

आबा नको म्हणत होते. प्रमोदने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. सलीमभाईंना काम होतं, म्हणून आम्ही तिघंच गेलो.

रमेशभाऊंच्या आई, अक्का, ओट्यावर बसल्या होत्या. एवढीशी मूर्ती, कपाळावर मोठं कुंकू. चहापाण्याचंही विचारलं नाही, पदरातून नाणं काढून सरळ मुद्द्यावरच आल्या. "सांग भाऊ. इतला वरीस मी कोनले हयदकुकू लायं? हाऊ राजा शे का मनी कानबाई शे?"

नाणं आधी माझ्या हातात आलं. मी भिंग लावलं. मागची बाजू घासून सपाट झालेली. पुढच्या बाजूला हळदीचा थर, आणि त्याखाली, अगदी पुसट पण नक्की, एका पुरुषाचा चेहरा. गालाखाली दाढीची कुरळी वळणं. शंकाच नको, राजा होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी हात पुढे केला. धुळ्याच्या स्टॉलनंतर पहिल्यांदा! मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. नख कडेने फिरलं. मग अंगठा चेहऱ्यावर. एकदा, दोनदा, तीनदा. घरातले सगळे दारात येऊन उभे होते.

"बाई शे, अक्का," आबा म्हणाले. "मांगे अंबाडा बांधेल शे."

अंबाडा म्हणजे राजाच्या डोक्यावरच्या पानांच्या माळेची गाठ होती. आबा चुकले होते. पुन्हा, आणि तीच चूक!

"कोन बाई?" अक्कांनी विचारलं.

"त्या मुलुखनी राणी व्हती. मरनी तवय बठ्ठा लोकेस्नी तिले देवी मानं. तिना नावनं देऊळ बांधं. राजानी तिनं नाणं पाडं, वर लिखं, ही देवी शे."

हे मात्र खरं आहे. अशी राणी रोममध्ये होती, तिची नाणीही आहेत. फक्त हे नाणं तिचं नव्हतं.

अक्का विचार करत होत्या. "तिले पोरे व्हतात?"

"व्हतात."

"आन नवरा? त्यानी दुसरी करी?"

"नई करी अक्का. जिता व्हता तवलोंग तिनं नाव काढत राह्यना."

अक्कांनी आबांच्या हातातून नाणं घेतलं, पदराने पुसलं आणि कपाळाला लावलं. "चांगला घरनी शे मंग," त्या म्हणाल्या. आणि सुनेला हाक मारली, "हयद आन वो! महिना व्हयना, तिना कपायले कुकू नई."

मग चहा झाला, शेवभाजी आणि भाकरी झाली, रमेशभाऊंनी दोन दोनदा हात जोडले. अक्कांनी आम्हाला रोटांचा प्रसाद खायला रविवारी यायचं कबूल करून घेतलं. निघताना त्या देव्हाऱ्यासमोर बसलेल्या होत्या आणि कानबाईशी काहीतरी बोलत होत्या, आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

गाडीत प्रमोद सुटलाच होता. "मानलं आबा! अंगठ्याने अंबाडासुद्धा ओळखला!" आबा डोळे मिटून बसलेले. मी खिडकीबाहेर बघत होतो. धुळं मागे पडलं. खरं सांगावं तर आबांचा रविवार कायमचा बंद. न सांगावं, तर ज्या माणसाने आम्हाला नाणं बघायला शिकवलं, त्याच्याशीच नाण्याबाबत खोटं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. प्रमोद चहा सांगायला टपरीकडे गेला. गाडीत आम्ही दोघंच.

आबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त अंगठ्याला लागलेली हळद रुमालाने पुसत म्हणाले, "विजू, दाढी बरीच झिजली होती, नाही?"